डावा कान

पोरीला ऐकू कमी येतं हे वेल्डरला कळलं, त्या दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही कानांत फार आधीपासून पाणी साठत आलंय. त्यावर इलाज आहे. पण डावा पडदा थपडेने फाटलाय. कोणी मारलं हिला?"

वहीत सारखं 'लक्ष देत नाही' असं लिहून पाठवणारे सर त्याला आठवले. पोरीला ओढतच तो शाळेत गेला, सरांना गचांडी धरून वर्गाबाहेर काढलं आणि दात हलेपर्यंत हाणलं.

"आईविना पोर बघून हात चालतो होय रे तुझा?"

शिपायाने मध्ये पडून कसंबसं सोडवलं. सरांच्या शर्टावरचं रक्त पाहून पोर बापाच्या दंडाला लोंबकळली.

"बाबा, सरांनी नाही! आई गेली त्या दिवशी तुम्हीच मारलं. म्हणालात, आई पाणी मागत होती, शेजारी बसून तुला ऐकू कसं आलं नाही?"

सरांची माफी त्याने तिथेच, पाय धरून मागितली.



पोरीची अजून मागायची आहे.