गवती चटई
डिंगोऱ्याची गजराबाई लेकाबरोबर शेतकऱ्यांच्या दौऱ्यात जपानला गेली आणि तिथल्या एका शेतकरी म्हातारीनं सगळ्यांना चहाला बोलावलं. दाराशी बाकीच्यांनी पायताणं काढली. तिचा हनुमंत मात्र मोबाइलवर शूटिंग करत चिखलाच्या बुटांनिशी गवती चटईवर चढला. म्हातारी फडकं घेऊन मुकाट डाग पुसू लागली. गजराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बूट काढ.” “चालतंय आई, आपण पावणं हाय. ती कुठं काय बोलली?” “मी बोलतीय न्हवं. तुझा आज्जा मेंढरामागं फिरायचा. त्याच्या घोंगडीवर कुणी पायताणानं चढलं, तर त्याला तो पाणीबी इचारत न्हवता.” हनुमंत हसला, शूटिंग चालूच राहिलं. चहा आला. त्यानं हात पुढं केला, तशी गजराबाईनं त्याच्या वाटचा कप उचलला आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला. “जा, तिथं बूट घालून पी.”