तेविसावी प्रतिक्रिया

मधली सुट्टी झाली तरी नागरिकशास्त्राच्या बाई संगणकासमोरून उठल्या नव्हत्या. वर्गाच्या ब्लॉगवर या आठवड्याचा विषय त्यांनीच टाकला होता : शाळेसमोरच्या फूटपाथवरच्या टपऱ्या नगरपालिकेने हटवल्या, तुम्हाला काय वाटतं? बावीस प्रतिक्रिया आल्या होत्या. पहिली अर्थातच त्या मुलाची, ज्याला सगळा वर्ग 'वकील' म्हणायचा. 'बरं झालं. फूटपाथ चालण्यासाठी असतो. नियम तो नियम.' खाली एकवीस जणांनी त्याचीच री ओढली होती.

बाईंचं बोट 'काढून टाका'वर घुटमळत होतं. हटवलेल्यांत चेनवाल्या मावशींचं शिलाई मशीनही होतं. शाळेतल्या निम्म्या दप्तरांच्या चेन त्यांनीच बसवलेल्या. त्या दुसऱ्या बाकावरच्या अबोल मुलीची आई, हे मात्र त्या वर्गात फक्त बाईंना ठाऊक होतं. विषय टाकताना हे ध्यानात कसं आलं नाही, म्हणून त्या स्वतःवरच चरफडत होत्या. चार दिवस झाले, मुलीने एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"बाई, येऊ का?"

दारात तीच मुलगी उभी होती. मागे तिची आई.

बाई गडबडीने उठल्या. "या, बसा. मी ते सगळं काढूनच टाकत होते. माझंच चुकलं..."

"काढू नका," मावशी म्हणाल्या. "चार दिवस हिच्याकडून वाचून घेतेय. एकेकाचं ऐकलंय. आता मला उत्तर द्यायचंय. मी सांगेन, ही लिहील. पण ते मुलांचं आहे ना, म्हणून विचारायला आले. चालतं का तसं?"

पालकांनी लिहायचं की नाही, असा नियम बाईंनी कधी केलाच नव्हता. त्यांनी खुर्ची मुलीकडे सरकवली.

"लिही," आई तिच्या पाठीशी उभी राहून म्हणाली. "त्या मुलाचं बरोबर आहे. फूटपाथ अडत होता."

मुलीचे हात थांबले. "आई!"

"अगं, अडत होता. म्हातारी माणसं रस्त्यावर उतरून चालायची, मला काय दिसत नव्हतं? खोटं कशाला बोलायचं? लिही." मुलीने लिहिल्यावर ती पुढे सांगू लागली, "पण आम्हाला हटवायचं ज्या सभेत ठरलं, तिचं मला कुणी कळवलं नाही. कळवलं असतं तर गेले असते. सांगितलं असतं, की शाळेच्या मागच्या भिंतीला जागा आहे, तिथे कुणाच्या पायात येणार नाही. माझं ऐकून घेऊन मग नाही म्हणाले असते, तर मशीन मी स्वतः उचललं असतं. झालं. नाव घालू नकोस. उगाच वर्गात तुला कुणी..."

मुलीने मान वर केली नाही. 'हे माझ्या आईने सांगितलं, मी लिहिलं,' एवढं टाइप करून तिने खाली स्वतःचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

"काय लिहिलंस गं शेवटी?"

"खरं तेच," मुलगी म्हणाली.

सुट्टीनंतर सगळा वर्ग संगणकांपुढे बसला. एकेका पडद्यापुढे दोघं-दोघं. तेविसावी प्रतिक्रिया वाचता वाचता कुजबुज थांबली. कुणी मुलीकडे बघितलं, कुणी बघायचं टाळलं. वकिलाने ती दोनदा वाचली. त्याचे कान लाल झाले. एरवी तो मध्येच बोलायचा, आज त्याने हात वर केला.

"बाई, सभेला कुणीही जाऊ शकतं?"

"बसून ऐकता येतं. आपल्या पुस्तकात आहे की."

"मग पुढची सभा कधी आहे?"

सदस्य किती, मुदत किती, अध्यक्ष कोण निवडतं, हे बाईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. अठरा वर्षं तेच तर शिकवत होत्या.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. मग फोन काढून नगरपालिकेचा नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"सभा?" पलीकडचा कारकून गोंधळला. "आपलं काम कुठल्या खात्याचं आहे?"

"काम नाही. यायचंय."

कप्पे उघडल्याचे, कागद चाळल्याचे आवाज आले. "गुरुवारी अकरा वाजता. दुसरा मजला. कुणाला बोलायचं असेल तर आदल्या दिवशी अर्ज द्यावा लागतो. सहीनिशी."

वकिलाने ते वहीत टिपून घेतलं आणि मागे वळून मुलीला हळूच विचारलं, "अर्ज मी लिहून देऊ? पण सही..."

"सही येते तिला," मुलगी म्हणाली. आवाज अख्ख्या वर्गाला ऐकू गेला.

"किती जण येणार?" कारकुनाने विचारलं.

बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. "छत्तीस मुलं, मी आणि एक पालक."

"अहो, एवढी माणसं? लोकांसाठी चारच बाकं आहेत इथे." कप्पा बंद केल्याचा आवाज आला. "तशी तीही रिकामीच असतात म्हणा."