मेलेल्याचं अक्षर

पोतोसीच्या टांकसाळीत नाण्यांचे ठसे मी कोरतो. अस्सल चांदीची हमी म्हणून प्रत्येक नाण्यावर पारख्याचं आद्याक्षर असतं. आमचे पारखी लेस्मेसकाका महिन्यापूर्वी वारले. त्यांच्या जागी आलेल्या ओर्दोन्योनं पहिल्याच आठवड्यात चांदीत बेसुमार तांबं मिसळलं. आज मी जुन्या ठशावरचं काकांचं अक्षर बदलायला घेतलं, तर म्हणाला, “राहू दे की म्हाताऱ्याचंच. मेलेला थोडाच भांडायला येतोय?” तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं ज्यांनी गुंजभर खोट खपवली नाही, त्यांच्या माथी ह्याचं पाप? मी ‘ओ’चा खिळा काकांच्या ‘एल’वर टेकवला आणि हातोडा हाणला. “गाढवा, ठसा बिघडवलास! खालचं अक्षर दिसतंय!” तो किंचाळला. “दिसू दे! त्यांच्या उरावर कोण बसलंय, तेही!” ठशातून निघालेलं पहिलं नाणं मी त्याच्या तळहातावर आपटलं. “घ्या, साहेब. तांबं तुमचं, नावही तुमचंच.”