बुबुळापुरती सावली

अकरा जणी दवाखान्याच्या बाकांवर डोळ्यांवर ओल्या पट्ट्या धरून बसल्या होत्या. बारावी त्यांना पाणी देत होती, हाताला धरून एकेकीला आत नेत होती, बाहेर आणत होती. तिला दिसत होतं. तोच तिचा गुन्हा झाला होता.

इंजेक्शनच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्या बाराजणी एकाच खोलीत काम करायच्या. अकरा जणी बाटल्या खोक्यांत भरायच्या. बारावी प्रत्येक बाटली उजेडासमोर धरून आत केस, कण, तडा काही आहे का ते बघायची. तिच्या नजरेतून काही सुटत नसे, म्हणून सगळ्या तिला घारच म्हणत. काल संध्याकाळी बाराजणी हसतखिदळत घरी गेल्या. पहाटे एकेकीच्या डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं खुपायला लागलं. उजाडेपर्यंत अकरा जणींना पापणी उचलवेना.

रोज सकाळी टेबलं पुसायचं औषध घारच पाण्यात कालवायची. त्यामुळे बोट कुणाकडे दाखवायचं, हा प्रश्नच नव्हता.

"काल हात सैल सुटला ना तुझा?" बाकावरून एक म्हणाली.

"रोजच्यासारखं एकच झाकण घातलं गं."

"मग तुझेच डोळे कसे धडधाकट?"

याचं उत्तर घारीजवळ होतं, पण ते देता येत नव्हतं. तिचाही चेहरा चरचरत होता, पापण्या सुजल्या होत्या. पण ते बघायला कुणाचे डोळे उघडे होते?

बाकाच्या टोकाला तिची धाकटी नणंद बसली होती. दोघी एकाच घरात राहायच्या. तीन वर्षांपूर्वी नणंदेनंच शब्द टाकून तिला कारखान्यात चिकटवलं होतं. ती चाचपडत घारीचा हात धरून म्हणाली, "वहिनी, खरं सांग. चुकून जास्त पडलं असेल तर तसं सांग. मी सांभाळून घेईन."

घारीनं तिच्या पट्टीवर पाणी शिंपडलं. नणंदेनं हात मागे घेतला.

डॉक्टर सकाळपासून डोळे धुऊन धुऊन थकले होते. उतार पडत नव्हता. त्यांच्या खोलीच्या दाराशी मॅनेजर फोनवर बोलत होता. "हो, दुसऱ्या बाराजणी सांगितल्यात. दोन वाजता बसतील. काम थांबायला नको."

भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता.

दुसऱ्या बाराजणी. त्याच खोलीत. घारीनं हातातला पेला खाली ठेवला आणि ती सरळ आत गेली.

"डॉक्टर, माझ्या डोळ्यांत लेन्स आहेत."

मॅनेजरचा फोन कानावरून खाली आला. तपासणीच्या टेबलावर चष्म्याचा नंबर असलेली बाई बसवायची नाही, हा कारखान्याचा नियम होता. घारीचा नंबर उणे सहा. नोकरीच्या वेळची चाचणी तिनं लेन्स लावूनच दिली होती. घरीसुद्धा नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी तिला लेन्स काढायला लावल्या आणि यंत्राखाली डोळे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"पापण्या भाजल्यात. पांढरा भाग लालबुंद आहे. पण लेन्सच्या खालचं बुबुळ बघा, एक ओरखडा नाही. कुठल्या लेन्स आहेत?"

"अतिनील किरणं अडवणाऱ्या. पाकिटावर तसं लिहिलंय."

"म्हणजे हे औषध नव्हे. औषध लेन्सखालीही शिरलं असतं. हे उजेडानं भाजलंय. जेवढं झाकलं होतं तेवढंच वाचलं. काल खोलीत दिवा बदललाय का?"

घारीला आठवलं तसं तिनं सांगितलं. काल सकाळी वरची ट्यूब गेली होती. मॅनेजर वायरमनला म्हणाला होता, गोदामात असेल ती लाव आणि मोकळा हो. नवी ट्यूब निळसर होती. बाया म्हणाल्याही होत्या, आज काय नाटकाचा प्रयोग आहे की काय! डॉक्टरांनी लगेच ओळखलं, ती अतिनील ट्यूब पाण्यातले जंतू मारायची होती. बंद पेटीत लावायची, माणसांच्या डोक्यावर नव्हे.

डॉक्टरांनी मॅनेजरच्या हातातला फोन घेतला आणि ओरडूनच सांगितलं, दिवा बंद करा, कुणाला आत सोडू नका. दोनला दहा मिनिटं होती. बाराजणी दारातूनच परत फिरल्या.

"दोन दिवसांत सगळ्यांना नीट दिसेल," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "या बाईंनी तोंड उघडलं म्हणून कारण कळलं."

नणंद चाचपडत आली आणि घारीच्या गळ्यात पडली. "मी तुझ्यावर संशय घेतला गं, वहिनी."

"रडू नकोस. आणखी झोंबेल," घार म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी कारखान्याचं पाकीट घरी आलं. नंबर लपवल्याबद्दल कामावरून कमी केल्याचा कागद त्यात होता. त्याची तयारी घारीनं ठेवली होती. मागे आणखी एक कागद होता, चौकशीचा. 'गोदामातून ट्यूब तपासनीस बाईंनी काढून दिली. दृष्टी अधू असल्यामुळे खोक्यावरची धोक्याची सूचना त्यांना वाचता आली नाही.'

घारीनं ते खोकं कधी पाहिलंही नव्हतं. हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. मजकुराखाली लिहिलं होतं, 'वाचून मान्य.' त्याखाली अकरा सह्या. पहिली नणंदेची.

नणंद दाराशी चपला घालत होती. पाळीची वेळ झाली होती. डोळे आता स्वच्छ होते, पण ते तिनं वर केले नाहीत.

"हे तू वाचलंस?" घारीनं विचारलं.

"सही केल्याशिवाय कामावर घेत नव्हते." नणंदेनं दार उघडलं. "आणि वहिनी, तुझं तर तसंही गेलंच होतं."