धाकट्याचं मत
आई वारल्यावर धाकट्या भावाला, प्राकोपला, बुन्लुआनेच वाढवलं होतं. शिक्षिकेच्या पगारात तिने त्याला शिकवलं. पुढे तो जनरल झाला आणि निवृत्तीनंतर लष्कराने त्याला सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहावर नेमलं. मे महिन्यातल्या निवडणुकीत उबोन शहराच्या उन्हात रांग लावून बुन्लुआने मत दिलं. तिने मत दिलेला पक्ष देशभर जिंकला. पण पंतप्रधान निवडायला सिनेटचीही मतं लागत. टीव्हीवर त्या पक्षाच्या उमेदवारावर मत द्यायला प्राकोपचं नाव पुकारलं. तो उठून म्हणाला, "नामंजूर." जिंकलेला पक्ष सत्तेबाहेर राहिला. रविवारी तो बहिणीकडे जेवायला आला. तिने चिकट भाताची बांबूची टोपली पुढे सरकवली. तिला राग यायला हवा होता, पण काहीच वाटेना. "ताई, शिव्या तरी घाल." "मासा गार होतोय." "राजगादीच्या रक्षणाची शपथ घेतलीय गं आम्ही, आणि तुझा पक्ष तिचाच कायदा बदलायला निघाला होता. आणि माझ्या एकट्याच्या मताने काय झालं असतं?" "माझंही एकच होतं," ती म्हणाली आणि त्याच्या माशातले काटे काढू लागली.