कपावरच्या दोन रेघा

कपावर दोन रेघा होत्या.

कारागिराने रेझिन कालवायचा कप उजेडाकडे धरून फिरवला. दोनच. निळ्या पेनच्या, शेजारी शेजारी. असायला हवी होती एक.

समोर ठोकळ्यावर पोटरीचं कवच उभं होतं. कृत्रिम पायावर बसवायचं, गुडघ्याखालून घोट्यापर्यंत. त्यावर कार्बन फायबरचं काळं कापड ताणून बसवलेलं, वीण कुठे तसूभर सरकलेली नाही. वरच्या अर्ध्या भागाला रेझिन लावून झालं होतं. तिथे कापड ओल्या दगडासारखं चमकत होतं. खालचा भाग अजून कोरडा. ब्रश हातातच होता.

नुसतं रेझिन कधी वाळत नाही. त्यात निम्मं हार्डनर घालावं लागतं. घालायला विसरलं तर चिकट राहतं, आणि दोनदा घातलं तरी चिकटच. आधी एका आरशाचं कव्हर तसं राहिलं, मग मोटरसायकलची टाकी. दोन्ही वेळा लेकीने मुकाट्याने खरवडून काढलं आणि नियम केला: हार्डनर घातलं की कपावर एक रेघ मारायची. ते मुकाट खरवडणंच त्याला जास्त लागलं. "आता एक पार्ट जरी चिकट राहिला ना," तोच तिरीमिरीत म्हणाला होता, "तर मी ब्रशला हात लावणार नाही. दुकान तू बघ."

ती लगेच "बरं" म्हणाली होती.

त्याने आठवून पाहिलं. रेझिन ओतलं. हार्डनर ओतलं. मग फोन वाजला म्हणून तो दाराबाहेर गेला. पोहायला शिकवणाऱ्या बाई होत्या, कवच त्यांचंच. "काळंच ठेवा हं. खऱ्यासारखा दिसणारा पाय नको मला. लोक जास्त निरखून बघतात." आत येऊन त्याने रेघ मारली. की रेघ आधीच मारली होती, आणि आत येऊन पुन्हा हार्डनर ओतून दुसरी मारली?

त्याने कप तळव्यात धरला. कोमट लागत होता. हार्डनर पडलं की रेझिन हळूहळू तापतं; म्हणजे पडलंय. पण एकदा की दोनदा, ते तळव्याला काय कळणार? वजन करून बघावं, तर अर्धं कवचावर गेलेलं.

"बाबा, झालं का?" बाहेरच्या खोलीतून लेकीने विचारलं.

"होतंय."

"होतंय म्हणजे?"

"होतंय म्हणजे होतंय! तारीख देऊ का?"

त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. एक रेघ मुंगी चालत गेल्यासारखी होती. दुसरी सरळसोट. ब्रश धरला की त्याचा हात अजून स्थिर असायचा, पण पेन धरलं की थरथरायचा. दोन वर्षांत त्याच्या हातून सरळ रेघ निघाली नव्हती.

"इकडे ये गं जरा."

ती घासकागद हातात घेऊनच आली. त्याने कप पुढे केला.

"ही सरळ रेघ कोणाची?"

तिने कपाकडे बघितलं, मग कवचाकडे.

"माझी. तुम्ही फोनवर होता तेव्हा. कपावर रेघ नव्हती, म्हणून मी हार्डनर घातलं."

"मी घातलं होतं. रेघ राहिली होती मारायची."

"कप गार होता, बाबा. मी हात लावून बघितला."

"नुकतंच घातलं असेल तर गारच लागणार ना!"

"असेल तर," ती म्हणाली. "नक्की घातलं होतं?"

त्याला हार्डनरची बाटली उचललेली आठवत होती. ती आजची होती की कालची, ते आठवेना.

"आणि टाकीच्या वेळी?" त्याने विचारलं.

ती घासकागदाची घडी घालत राहिली. "तेव्हा पण घातलं होतं मी. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"आणि आरसा?"

"आरशाच्या वेळी मी आत आलेच नव्हते."

म्हणजे टाकी हिची, आरसा आपला. मग आजचं कवच कोणाचं? सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. लेकीकडे बघितलं तर तिचंही तेच झालेलं दिसलं.

"काढा," ती म्हणाली. "ओलं आहे तोवर निघेल."

दोघांनी मिळून कापड सोललं. काळं, चिकट कापड सापाच्या कातीसारखं हातात आलं. चिंध्या थिनरमध्ये बुडवून कवच पुसून काढलं. मग तो पाठमोरा होऊन नवं कापड कापायला बसला, आणि तिने नव्या कपात रेझिन ओतलं.

"या वेळी सगळं मीच करते," ती म्हणाली. "तुम्ही मध्ये पडू नका."

"नाही पडत बाई."

तेवढ्यात फोन वाजला. ती बाहेर गेली. "हो, हो. आज नाही जमणार. परवा या. काळंच, हो." आत येऊन तिने काडी उचलली, कपात घातली, दोनदा फिरवली आणि थांबली.

बराच वेळ काडीचा आवाज आला नाही, म्हणून त्याने वळून पाहिलं.

कपावर एक रेघ होती. सरळसोट.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही बघत होता ना?"

"मी कापड कापत होतो."

"रेघ मारलेली आठवतेय. पण हार्डनर..."

त्याच्या जिभेवर एक टोमणा आला होता. त्याने कात्री खाली ठेवली, उठून तिच्या हातातली काडी काढून घेतली. तिचे दोन्ही तळवे कपाभोवती धरवले आणि वरून आपले ठेवले. कप अजून गार होता.

"थांब," तो म्हणाला. "कळेल."