सासूबाईंची शंखांची पेटी

मोतीबिंदूने नजर अंधुक झाल्यापासून सासूबाई पेटीतले शंख बोटांनीच ओळखायच्या; कोणता कुठल्या किनाऱ्यावर वेचला, तेही सांगायच्या. महिन्यापूर्वी कपाट आवरताना सुनेच्या हातून ती पेटी पडली आणि सात शंख फुटले. तिने तसेच दिसणारे सात शंख दुकानातून आणून गुपचूप कप्प्यांत ठेवून दिले.

आज ऑपरेशननंतरची पट्टी निघाली. गाडीत सून सारखी चुळबुळत होती. घरी येताच म्हणाली, "आई, आधी जरा पडा ना."

"पडायला आयुष्य पडलंय. पेटी आण."

पेटी देऊन ती स्वयंपाकघरात गेली, चहा उतू घालवला आणि परत दाराशी येऊन उभी राहिली. सासूबाई एकेक शंख उजेडात धरून बघत होत्या. एक हातात घेऊन म्हणाल्या, "याला पॉलिश केलंय. हा दुकानातला."

सून दारातून पुढे आली. "तुम्हाला दिसलं?"

"दिसायला कशाला हवं? बोटांना त्याच दिवशी कळलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

 

"न्हाणीघरात नळ सोडून तू रडत होतीस, तेही ऐकलं होतं मी."